गोल बुडाचं पातेलं

वाडी (खर्डा), ता. जामखेड
रविवार, १८ फेब्रुवारी १९७३

प्रिय आबा,

वडिलांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' लिहायचं आणि शिरसाष्टांग नमस्कार घालायचा, हे मी दर वर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. आज स्वतः लिहायला बसले तर पेन अडलं. दोन वर्षांत ज्या मुलीने साधं कार्ड टाकलं नाही, तिने एकदम साष्टांग घातला तर तो खोटा वाटेल. म्हणून 'प्रिय' लिहिलं. गहिनी, भावड्या, तू हसू नकोस. शेवगावात हे पत्र तूच आबांना वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच बजावते. मोठ्याने वाच, घाई करू नकोस, आणि मधलं काही स्वतःच्या अकलेने सोडून देऊ नकोस. आईलाही चुलीपुढून उठवून जवळ बसव.

आबा, थेंब पडला! काल सकाळी साडेअकरा वाजता, शाळा तपासायला आलेल्या डेप्युटी साहेबांच्या देखत, पोलीसपाटलांच्या देखत, एकतीस पोरं तोंडावर हात ठेवून बसलेली असताना, निळ्याशार पाण्यातून स्वच्छ पाणी निघालं आणि टपटप वाटीत पडलं. कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. आठवड्याचे कपडे धुवायचे तसेच पडलेत. मी ज्यांच्या पडवीतल्या खोलीत राहते त्या लंकाबाई दोनदा जेवायला हाक मारून गेल्या, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवून गेल्या. पण म्हटलं, आधी आबांना कळवायचं, मग भाकरी.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. येत्या जूनपासून नववी सुरू करायची म्हणून संस्थेने अर्ज केलाय. वरून उत्तर आलं की नववीला विज्ञान शिकवायचं तर प्रयोग करून दाखवण्याची सोय हवी, साहेब येऊन बघतील आणि मगच ठरेल. परवानगी मिळाली नाही तर आठवीनंतर पोरांनी जामखेड गाठायचं. पंधरा मैल. मुलगे जातील, कुणाच्या आत्याकडे, मावशीकडे राहतील. पण माझ्या वर्गात नऊ मुली आहेत आबा, आणि त्यांतली एकही जाणार नाही. मी घरोघर जाऊन विचारून आलेय. सगळीकडे एकच उत्तर, 'गावात आसंल तर शिकंल, न्हाई तर पुरं झालं.' तेव्हा कालच्या त्या एका दिवसावर या नऊ जणींचं सगळं अडकलं होतं. आणि प्रयोगशाळा म्हणाल तर एक लाकडी कपाट. त्यात दोन परीक्षानळ्या, एक तुटकी स्पिरिटची चिमणी आणि कुणाच्या तरी मेलेल्या रेडिओतून काढलेलं लोहचुंबक. एवढ्यावर रसायनशास्त्र!

सुदैवाने साहेबांनी धडा आधीच कळवला होता, 'मिश्रणातील घटक वेगळे करणे'. मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. म्हटलं, मुलांनो, दोन पदार्थ एकमेकांत मिसळले की त्यांना मिश्रण म्हणतात आणि ते वेगळे करण्याच्या शास्त्रीय रीती असतात. एक हलका, एक जड असेल तर वाऱ्याच्या साहाय्याने वेगळे करता येतात. तर चांगुणा नावाची माझी एक मुलगी आहे, काटकी, डोळे मात्र टपोरे, ती उठली आणि म्हणाली, "बाई, ह्याला पाखडनं म्हनत्यात. आमी रोज करतो. ह्यात शिकायचं काय?" सगळा वर्ग फिस्सकन हसला. आधी मला राग आला. मग वाटलं, खरंच की! मी हातातलं पुस्तक मिटलं आणि सरळ लंकाबाईंना सूप घेऊन वर्गात बोलावलं. त्या आधी लाजल्या, पदर सावरत दारातच उभ्या राहिल्या. पण एकदा सूप हातात घेतल्यावर काय सांगू! जोंधळा एकीकडे, कोंडा एकीकडे, खडे सुपाच्या कडेला एका रांगेत. मी फळ्यावर लिहीत गेले आणि त्या तोंडाने सांगत गेल्या, सूप कधी झटकायचं, कधी नुसतं हलवायचं. दुसऱ्या दिवशी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायला चांगुणाच हजर. यंदा विहिरीचं पाणी असं आहे की हे काम वाडीतल्या प्रत्येक पोरीला येतं. लोहाराच्या ऐरणीखालून पोरांनी लोखंडाचा कीस आणला, वाळूत मिसळला आणि रेडिओचं चुंबक फिरवून वर काढला. कीस चुंबकाला काट्यांसारखा उभा राहिला तेव्हा पोरं नाचायचीच बाकी होती. आठवडाभर आमच्या वर्गात नुसती धमाल चालली होती. मला वाटायला लागलं, येऊ देत साहेब, बघून घेऊ.

पण आबा, हसून घ्या, तुमच्या मुलीने गाढवपणा केलाच. धड्यात संप्लवनाचा प्रयोग आहे. काही पदार्थ तापवले की वितळत नाहीत, त्यांचा एकदम धूर होतो आणि तो धूर गार जागी पुन्हा पांढरा होऊन बसतो. त्यासाठी नवसागर लागतो. कल्हईवाला भांड्यात टाकतो तो. मी रंगनाथच्या दुकानात गेले आणि पावशेर नवसागर मागितला. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "गूळबी लागंल न्हवं बाई? काळा देऊ?" लंकाबाईंची गाय नुकतीच व्याली होती आणि तिच्यासाठी काळा गूळ आणा असं त्यांनी सकाळीच सांगितलेलं. मी म्हटलं, हो, बरी आठवण केलीत, काळाच द्या. तिथून निघाले ती कुंभाराकडे, पाणी निवळायला ठेवायचं म्हणून दोन मडकी घेतली आणि भर बाजारातून ती कडेवर घेऊन घरी आले. नवसागर, काळा गूळ आणि दोन मडकी, एका फेरीत! मला शहाणीला काही म्हणजे काही कळलं नाही. मला नाही कळलं, आबा. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तर चाललं असतं, पण मला?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक म्हातारा येऊन शाळेच्या ओट्यावर बसला. मला वाटलं कुणाचा आजा असेल. पोरं खेळायला पांगल्यावर त्याने सदऱ्याखालून रिकामी बाटली काढून दाखवली आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "बाई, पयल्या धारेची काढाल तवा गरिबाची याद ठिवा." संध्याकाळच्या आत सगळ्या वाडीत झालं होतं की विज्ञानाच्या बाईंनी भट्टी लावली! पोलीसपाटील कानिफनाथ हातात काठी घेऊन थेट वर्गात आले. दोन्ही मडक्यांची झाकणं उचलून वास घेतला. आत तुरटीचं पाणी. तरी त्यांची खात्री पटेना. जाताना म्हणाले, "बाई, शिकल्या-सवरल्या मान्सानं आसल्या धंद्यात पडू ने." आमचे हेडमास्तर काकासाहेब घाबरट माणूस. त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितलं की नवसागराचा प्रयोग वगळा, नववी गेली खड्ड्यात, पण शाळेची अब्रू राहू द्या.

त्या दिवशी मी खोलीचं दार लावून आधी पोट धरून हसले आणि मग रडले. हसले कशाला ते तुम्हाला सांगायला नको. रडले ते या भीतीने की लोकांना कुठून तरी खरं कळलंय. नवसागराचं दुसरं काम मला नवव्या वर्षापासून माहीत आहे. आपल्या ओढ्यातल्या करंजीखालचा तो आंबूस वास, गुळाचा, बाभळीच्या सालीचा, अजून माझ्या नाकात बसलाय. आणि तरी मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आले की मला यातलं काही माहीत नाही. इतकं बजावलं की दुकानात उभी राहून खरंच विसरले. वगळायला मात्र मी तयार झाले नाही. रॉकेलचं नरसाळं राखेने घासून घेतलं, मीठ आणि नवसागर एका वाटीत घालून निखाऱ्यावर ठेवलं, वर नरसाळं पालथं घातलं, आणि सगळ्या वर्गाच्या देखत पांढरा धूर नरसाळ्याच्या आत पिठासारखा जाऊन बसला. खाली नुसतं मीठ उरलं. पोलीसपाटलांच्या धाकट्या मुलाने घरी जाऊन सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा अर्धा संशय गेला.

उरलेला अर्धा राहिला तो शेवटच्या प्रयोगापायी. ऊर्ध्वपातन. पाण्यात विरघळलेलं मीठ खाली ठेवायचं आणि पाणी तेवढं वेगळं काढायचं. पाणी उकळायचं, वाफ गार करायची, पुन्हा तिचं पाणी करायचं. पुस्तकात त्याची सुंदर आकृती आहे, काचेचा चंबू, काचेची लांब नळी, नळीभोवती गार पाणी. संस्थेने ते सगळं नगरहून मागवून दिलं होतं. एस.टी.च्या टपावरून ते आलं आणि खोका उघडला तर आत काचेची खडीसाखर! साहेब यायला पाच दिवस उरले होते. काकासाहेब म्हणाले, आकृती फळ्यावर रंगीत खडूने काढा. पण साहेबांबद्दल आमच्या कानावर आलं होतं की ते फळ्याकडे बघतच नाहीत, म्हणतात, करून दाखवा.

मी आकृतीकडे बघत बसले होते आबा, आणि एकाएकी मला चंबूच्या जागी मडकं दिसलं. मी ताडकन उठले. आपल्याकडे काचेची नळी कुठे होती? तुम्ही खाली हंडा ठेवायचात, आत दोऱ्यांनी वाटी टांगायचात, तोंडावर गार पाण्याचं भांडं बसवायचात. वाफ वर जाऊन त्या गार बुडाला लागायची आणि थेंब खाली वाटीत. हेच तर आहे! पुस्तकात लिहिलंय तेच, अक्षर न अक्षर, आणि तुम्ही पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं. मी लंकाबाईंच्या अंगणात तीन दगड मांडले. त्यांचा पितळी हंडा घेतला, वाटी टांगली, वर परात गार पाणी भरून ठेवली आणि कणकेने कडा लिंपून जाळ केला. अर्ध्या तासाने परात उचलली तर वाटी कोरडी! पुन्हा केलं, पुन्हा कोरडी. वाफ होत होती, परातीच्या बुडाला पाणी धरतही होतं, पण थेंब सरकत सरकत कडेला जायचे आणि हंड्याच्या पोटावरून परत आत उतरायचे. दोन दिवस मी कपाळाला हात लावून बसले होते. लंकाबाई म्हणाल्या, "आवं बाई, परात ती. तिला कुठं पोट आस्तंय?"

आणि मला तुम्ही ऐकू आलात. करंजीखाली, भर दुपारची वेळ. माझं काम वरचं पाणी कोमट झालं की उपसून गार भरायचं. एकदा मी तुम्हाला विचारलं होतं की वरचं पातेलं असं चेंडूसारखं का, ते धड बसतसुद्धा नाही. तुम्ही मला उचलून घेऊन पातेल्याचं बूड बोटाने दाखवलंत आणि म्हणालात, "पुष्पे, थेंबाला वाट दावावी लागती. गोल बुडावरनं त्यो मधी येतो, सपाटावरनं कुटंबी जातो." नऊ वर्षांची होते मी. नंतर मी शास्त्राची दोन वर्षं शिकले, ट्रेनिंग केलं, आणि एकाही प्राध्यापकाने मला हे सांगितलं नाही. मी तशीच उठून वाडीभर गोल बुडाचं पातेलं शोधत फिरले. ते निघालं कुणाकडे? पोलीसपाटलांच्या आईकडे, भीमाबाईंकडे, लग्नातल्या भांड्यांत. ते मी मागायला गेले तेव्हा पाटलांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. "मी सोता येऊन बसनार प्रयोगाला," एवढंच म्हणाले आणि पातेलं दिलं.

तर काल साहेब आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, एका शब्दाच्या जागी अर्धा शब्द बोलणारे. सूप, तुरटी, चुंबक, सगळं बघितलं, मान हलवली. नवसागराचा धूर बघून जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "ऊर्ध्वपातन?" मी विहिरीच्या मचूळ पाण्यात मूठभर मीठ आणि अर्धी दौत निळी शाई ओतली, म्हणजे वेगळं झालेलं पाणी लांबूनही ओळखू यावं. हंडा चढवला, वाटी टांगली, पातेलं बसवलं, कणीक लिंपली. पाटील दारात काठी टेकून बसले होते, मागे खिडकीत तो बाटलीवाला म्हाताराही होता. जाळ लागला. चांगुणा वरचं पाणी बदलत होती. आणि कणकेला तडे गेले, आबा! वाफ चोहोकडून फसफसायला लागली. मी ओल्या फडक्याने दाबून धरलं, चार बोटं भाजली, सोडलं मात्र नाही. काकासाहेब डोळे मिटून बहुधा देवाचं नाव घेत होते. पाऊण तासाने पातेलं उचललं. वाटीत पाणी होतं. जेमतेम अर्धी वाटी, पण आरशासारखं स्वच्छ, निळ्याचा ठिपका नाही. पोरांनी जो गलका केला तो खर्ड्याच्या किल्ल्यापर्यंत गेला असेल.

साहेबांनी वाटी उचलली, चव घेतली आणि काय मनात आलं कोण जाणे, ती सरळ पाटलांच्या हातात दिली. कानिफनाथ पाटलांनी आधी वास घेतला. मग घोट घेऊन तो तोंडात घोळवला. सगळी शाळा त्यांच्याकडे बघत होती. शेवटी म्हणाले, "न्हाई साहेब. निव्वळ पानी हाय." ते अशा पडलेल्या आवाजात म्हणाले की साहेबसुद्धा हसले. खिडकीतला म्हातारा तर निघूनच गेला.

आणि मग साहेबांनी विचारलं, "हे कुठल्याही पुस्तकात नाही. कुणी शिकवलं?" काकासाहेब तत्परतेने पुढे झाले, "आमच्या शाळेच्या मार्गदर्शनाखाली..." असं काहीतरी सुरू केलं. मला गप्प राहता आलं असतं. दोन वर्षं मी तेच करत आले होते. पण माझी बोटं भाजलेली होती, ती अर्धी वाटी समोर होती, आणि ते पाणी काकासाहेबांचं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी शिकवलं, साहेब. सहादेव त्यांचं नाव. ते हातभट्टी लावायचे. नगरला तीन महिने सजा भोगून आलेत, आता सोडलंय. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या भट्टीवर पाणी बदललंय." पाटील मान खाली घालून काठीकडे बघत होते. साहेबांनी हंड्याच्या कडेवरून बोट फिरवलं, तडकलेल्या कणकेचा तुकडा काढून बघितला आणि म्हणाले, "मग राहिलेलं पण शिकून घ्या त्यांच्याकडून. भांडं गळतंय तुमचं."

एवढंच! मी रडणार होते ती हसायलाच लागले. पुढे त्यांनी जे सांगितलं ते नीट ऐका. गुरुवारी आठ मार्चला जामखेडला तालुक्यातल्या सगळ्या विज्ञान शिक्षकांची बैठक आहे. नगरहून मोठे साहेब येणार. काचेचं सामान नसलेल्या शाळांनी काय करावं हे तिथे आमच्या वाडीने करून दाखवायचं. नीट झालं तर नववीच्या कागदावर तिथल्या तिथे सही होईल. पण गळकं भांडं चालणार नाही. आणि मला तो लेप येत नाही आबा. तुमची वाफ कधी गळली नाही. तुम्ही कडेला जे लावायचात ते कणीक नव्हतं, काळपट होतं, एवढं आठवतं. राख होती? उडदाचं पीठ? शेण? तुम्ही ते पलीकडे बसून कालवून आणायचात आणि मी विचारलं की म्हणायचात, "त्ये मोठी झाल्यावर." मी मोठी झालेय. आईला सांगा, पोलीस आले की ती मडकी फोडायला धावायची, या वेळी त्याचं कारण नाही, पोलीसपाटील स्वतः आपल्या बैलगाडीतून हंडा जामखेडला नेणार आहेत.

गहिनी, आता इथून पुढे हळू वाच. हे तुला माहीत नाही. आबांनी घरी सांगितलं नसणार, ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी संक्रांत झाल्यावर आबा मला भेटायला इथे आले होते. खर्ड्यापासून चालत, डोक्यावर हुलग्याचं आणि शेंगांचं गाठोडं. मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते. शाळेच्या ओट्यावर मी आणि काकासाहेब उभे होतो. त्यांनी मला विचारलं, कोण आलंय, आणि मी म्हटलं, आमच्या गावाकडचा गडी आहे, सामान घेऊन आलाय. आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं. गाठोडं ओट्यावर ठेवलं, काकासाहेबांना हात जोडले आणि म्हणाले, "व्हय साहेब, गडीच हाय म्या." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "येतो बाई." पाणीसुद्धा न पिता आल्या वाटेने परत गेले. मी हाक मारली नाही. तुमच्या भट्टीवर मी शिकले, आबा, माझी फी त्या ओढ्यातून आली, आणि मी तुम्हाला गडी केलं. त्या दिवसापासून तुम्हाला पत्र लिहायला बसले की तो 'बाई' शब्द कानात यायचा आणि पुढे एक ओळ होत नव्हती. मला क्षमा करा. काल साहेब गेल्यावर काकासाहेबांनी मला विचारलं, मागे आले होते ते...? मी म्हटलं, हो, तेच माझे वडील, मी तेव्हा खोटं बोलले. तेव्हा नुसता लेप लिहून पाठवू नका. बैठकीच्या आदल्या दिवशी, बुधवारी सात मार्चच्या एस.टी.ने या, गहिनीला आणि आईला घेऊन या. मी जामखेडच्या स्टँडवर उभी असेन. आणि आबा, तिथे साहेब असतील, हेडमास्तर असतील, तालुक्यातले सगळे मास्तर असतील. मला त्यांच्यासमोर 'बाई' म्हणू नका. पुष्पे म्हणून हाक मारा, आणि मोठ्याने मारा.

तुमचीच,
पुष्पी